चपलांची रांग

चप्पलमामांचा विश्वास फक्त चपलांवर होता. माणूस "आलो, आलो" म्हणतो आणि येत नाही. चप्पल मात्र जिथे काढली तिथेच राहते, असं त्यांचं म्हणणं. दौंडला रेल्वेच्या डब्यांतले दिवे-पंखे सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या सोलरच्या कामावर आले. मी नवी इंजिनिअर आणि ते माझ्या हाताखाली. म्हणजे कागदावर.

साइटवर आलं की प्रत्येकाने मेन स्विचखाली रांगेत चपला काढायच्या आणि रबरी बूट घालून कामाला लागायचं, हा त्यांचा नियम. काम संपलं की आपापल्या चपला घालायच्या. रांग रिकामी झाल्याशिवाय मामा स्विचला हात लावत नसत. माझे सँडल पट्ट्यापट्ट्यांचे. ते बांधून होईपर्यंत सगळी साइट माझ्या पायांकडे बघत उभी असायची. पहिल्या पगारात मी साध्या स्लीपर घेतल्या.

एकापेक्षा जास्त इन्व्हर्टर जोडायचे असले की मामा आणखी हळू व्हायचे. आधी वीज तपासायचा मीटर चालतो का ते चार्ज केलेल्या बॅटरीवर बघायचे, मग तो तारेला लावायचे, मग पुन्हा बॅटरीवर. "मीटरच मेलेला असंल तर त्यो सगळ्यांनाच मेलं म्हनतोय," हे त्यांचं स्पष्टीकरण. मग प्रत्येक इन्व्हर्टर एकटा चालवायचा, एक बल्ब लावून, एक चहा पिऊन होईपर्यंत. पाच इन्व्हर्टर म्हणजे पाच चहा. बंद केल्यावरही पाच मिनिटं झाकण उघडू द्यायचे नाहीत, कारण आत वीज साठलेली असते. "बंद हाय म्हंजी मेलं न्हाई," असं म्हणून घड्याळाकडे बघत बसायचे. सगळे एकत्र जोडले की तर विचारूच नका. "एक बंद केला तरी बाकीच्या चारांची वीज मागनं येती, मॅडम."

निमोण्याला डाळिंबवाल्या शेतकऱ्यांच्या कोल्ड स्टोरेजला असे पाच इन्व्हर्टर बसवले. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पाच चहा झाले. आता मेन स्विच चेअरमन आप्पांच्या हस्ते ओढायचा आणि एकत्र जोडलेले पाचही चालू करायचे, एवढंच राहिलं होतं. पण पूजा स्विचपुढेच मांडलेली, त्यामुळे पाहुण्यांनीही चपला तिथेच काढल्या. मामांच्या रांगेची जत्रा झाली.

"आप्पा, चपला घाला," मामा म्हणाले.

"आवं, नारळ फोडायचाय अजून."

"फोडा. मंग घाला."

नारळ फुटला. आप्पांसकट सगळ्या पाहुण्यांनी आणि आमच्या माणसांनी मुकाट्याने चपला शोधून घातल्या. शेवटी एक जोड उरला. तपकिरी, कोरा करकरीत. तो कुणाचाच नव्हता.

"पाव्हण्यातलं कुनीतरी दुसऱ्याच्या घालून गेलं असंल," आप्पा म्हणाले. मलाही ते पटलं. भाषणांना उशीर होत होता. "मामा, आपली माणसं खाली आलीत. मी बघितलंय," मी म्हणाले. मी बघितलं नव्हतं.

मामांनी स्टूल ओढलं आणि स्विचला पाठ लावून बसले. "ह्यात पाय आल्याबिगर न्हाई."

आप्पा चिडले. "आमी दुसरा माणूस बोलावू!"

"बोलवा. त्याच्याबी चपला काढून घिऊ."

दहा मिनिटांनी कोल्ड रूमच्या छतावरून शिडीने रामाशीष उतरला, डोक्याला जळमटं लागलेली. हा आमचा बिहारचा वायरमन. एका पंख्याची तार सैल वाटली म्हणून सकाळी त्याला वर पाठवलं होतं. पाठवलं होतं मीच, आणि हार-गुच्छांच्या गडबडीत विसरलेही मीच. उघडी तार त्याने हातात धरून बसवली होती. चपला त्याने आदल्या दिवशी शिरूरच्या बाजारात घेतल्या होत्या, म्हणून कुणाला ओळखू आल्या नाहीत. "हो गया मॅडम," म्हणून त्याने त्या पायात घातल्या.

मामा उठले. मीटर बॅटरीला लावला, तारेला लावला, पुन्हा बॅटरीला लावला. मग आप्पांना बोलावलं. आप्पांनी मेन ओढला, मामांनी एकामागून एक पाचही इन्व्हर्टर चालू केले, पंखे फिरले, टाळ्या झाल्या. मी बॅटऱ्यांच्या रॅकमागे जाऊन बसले. मामा सहावा चहा घेऊन आले. रागावतील असं वाटलं होतं.

"आता तू कवाच इसरनार न्हाईस, पोरी," एवढंच म्हणाले. माझी ही चूक त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. आज मी सांगतेय.

गेल्या वर्षी मामा गेले. दौंडच्या त्यांच्या घरी प्रार्थना होती. पायरीखाली चपलाच चपला. प्रार्थना संपल्यावर माणसं एकेक करून चपला घालून गेली. मी पायरीवर बसून रांग रिकामी होताना बघत होते. सवय. शेवटी मीही माझ्या घातल्या. तरी एक जोड उरलाच, टाचेला झिजलेला.

अंधारून आलं होतं. मामी व्हरांड्यातला दिवा लावायला उठल्या.

"मामी, थांबा," मी म्हणाले. "एक जोड राहिलाय."

मामींनी वाकून पाहिलं. "त्यांचाच हाय गं, पोरी," म्हणाल्या, आणि बटणावरचा हात त्यांनी खाली घेतला.