नाव घालण्याआधी

आमच्या गल्लीच्या तोंडाला सहलींची तिकिटं काढून देणारा एक जण बसतो. जाता-येता त्याच्याच पायरीवर मी दम खातो. समोरचा माणूस पल्याडच्या शिवारात उभा असल्यागत तो ओरडून बोलतो, आणि बोलता बोलता मागवलेला चहा गार करतो.

परवा पोरगा मला नि सुनेला तिथं घेऊन गेला. सगळ्या घरानं मोठ्या बोटीवरनं समुद्रात फिरून यायचं ठरवलेलं. तिकीटवाला सुनेला सांगत होता, "वैनी, कांदा-लसणाची चटणी घरातच ठेवा, बोटीवर चढताना काढून घेत्यात. आबांच्या गोळ्या मातर हातातल्या पिशवीत. मोठी बॅग खोलीत यायला सांज हुती. आन् खोली मधल्या अंगाची घ्या, तिथं कमी हलतंय."

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आबा, तुमास्नी जायाचं हाय न्हवं?"

"त्यांना काय विचारायचं?" पोरगा म्हणाला.

तिकीटवाल्यानं कॉम्प्युटरवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "त्येंनी सांगितल्याबिगर मी नाव घालत न्हाय."

मी नकोच म्हणायचं ठरवून आलतो. गुडघे थकलेत, जीवही थकलाय. पण एवढ्या दिवसांत घरातल्या कुणी मला विचारलं नव्हतं.

"घाल की," मी म्हणालो.