पवनची मान आणि उत्कर्षाची काळजी

उत्कर्षा मेश्रामला काळजी करायला एरवी कारण लागत नसे. त्या दिवशी मात्र खरंखुरं कारण होतं, त्यामुळे ती उलट जास्तच गोंधळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पवनच्या जबड्याची शस्त्रक्रिया होती. हाड कुठे कापायचं, किती सरकवायचं, कुठे नेऊन बसवायचं, हा सगळा आराखडा संगणकावर तिनं आखला होता. पहिल्यांदाच, एकटीनं.

काळजी तिच्या रक्तातच होती म्हणा. वडील शेषराव रेल्वेत गाड्यांचे डबे तपासायचे. नागपूरहून बदली होऊन जयपूरला आले, शास्त्रीनगरात घर केलं आणि इथल्या फलाटावर हातोडी घेऊन चाकं ठोकत राहिले. चाकाचा आवाज जरा बद्द आला की हे तेच चाक पुन्हा पुन्हा ठोकून बघत. गाडी सुटल्यावर लोक चहाकडे वळत, शेषराव शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत कान देऊन उभे राहत. काळजीबद्दल सरकार त्यांना पगार देत होतं. लेकीनं मात्र हा धंदा लहानपणापासून फुकटात चालवला होता.

तिची नोकरी काय, हे घरात कुणाला नीट सांगता येत नसे. कवटी-जबड्याच्या शस्त्रक्रियांचं नियोजन शिकवणाऱ्या एका रुग्णालयात ती शिकाऊ शास्त्रज्ञ होती. विहारातल्या बायका आईला विचारत, "सुलोचनाबाई, पोरगी डॉक्टर हाय का?"

"नाही."

"मंग इंजिनीयर?"

"तसं पण नाही. ती लोकांच्या कवट्या छापते."

यानंतर बायका विषय बदलत. एकदा उत्कर्षानं त्रिमितीय छपाईत बिघडलेला एक प्लास्टिकचा जबडा घरी आणला. सुलोचनाबाई दोन दिवस त्या खोलीत गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेषराव त्यावर चष्मा ठेवू लागले आणि मग तो घरचाच झाला.

तिला शिकवणारे होते कर्नल हुपरीकर. सैन्यात दातांचे डॉक्टर म्हणून हयात घालवली, जयपूरच्या छावणीतून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मूळचे कोल्हापूरकडचे, त्यामुळे आवाजाला ध्वनिक्षेपक लागत नसे. उत्कर्षा आणि निलय असे दोघं शिकाऊ त्यांच्या हाताखाली. पहिले काही महिने त्यांनी दोघांना संगणकाला हात लावू दिला नाही. दुर्गापुरा स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर उभं केलं. "चेहरे बघा," म्हणाले. "स्कॅनमधला माणूस झोपलेला असतो. जग त्याला उभा बघतं."

याचा एक तोटा झाला. उत्कर्षाला सरळ चेहराच दिसेनासा झाला. मावशीनं एक स्थळ आणलं, मुलगा चांगला, पगार चांगला. ही चहा द्यायला गेली आणि त्याच्या हसण्याकडे बघत म्हणाली, "वरचा जबडा डावीकडे जरा उतरलाय तुमचा. त्रास होतो का?" स्थळ पुन्हा आलं नाही.

पवनचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्याच्या जबड्याची एक बाजू वाढत गेली होती, दुसरी थांबली होती. हनुवटी पार एका कडेला. कॉलेज सोडून तो काकाच्या बांगड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत माल लावायचा. मागच्याच खोलीत.

अशा चेहऱ्याच्या नियोजनात सगळ्यात आधी डोकं सरळ करावं लागतं. स्कॅन काढताना डोकं उशीवर कसंही कललेलं असतं, म्हणून रुग्णाला उभं करून, आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघायला सांगून त्याचा फोटो घेतात. मागे ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला दोरा लोंबत असतो. त्या फोटोतलं डोकं जसं, तशी संगणकातली कवटी फिरवायची आणि मग जबडा सरळ करायचा. मूळ डोकंच चुकलं तर पुढची सगळी अचूकता वाया.

पवननं आरशात पाहिलं. फोटो निघाला. एक डोळा जरा खाली दिसत होता. उत्कर्षानं तो कर्नलांना दाखवला. "असतो एकेकाचा," ते म्हणाले. तिनं आराखडा केला. सर्जन डॉ. मनीषा शेखावतांनी तो बघून मान डोलावली. दातांच्या मधे बसणारा पारदर्शक साचा छापून झाला. शस्त्रक्रियेत जबडा कुठे थांबवायचा ते हाच साचा सांगणार होता. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि उत्कर्षाला सर्वांत जास्त भीती याच अवस्थेची वाटे.

दुपारी ती चहा घेऊन आवारात उभी होती. संक्रांत तोंडावर आलेली, त्यामुळे अख्खं जयपूर माना वर करून चालत होतं. पहिल्या मजल्याच्या सज्जात पवन कठड्याला टेकून समोरच्या गच्चीवरची पतंगांची लढत बघत होता.

"काटा! वो काटा!" तो ओरडला.

उत्कर्षानं हसून वर पाहिलं. पवनचे दोन्ही डोळे कठड्याशी अगदी समांतर होते. कुठलाही डोळा खाली नव्हता. हनुवटी मात्र फोटोतल्यापेक्षा कितीतरी जास्त कडेला गेली होती.

इतक्यात पवनला ती दिसली. "दीदी!" म्हणून त्यानं हात हलवला, आणि हात हलवता हलवता त्याची मान हळूच कलली. हनुवटी मध्यावर आली. एक डोळा खाली गेला. तोच फोटो.

तिला सगळं कळलं. कुणी बघतंय म्हटलं की हा मुलगा मान वाकडी करून हनुवटी लपवत होता. वर्षानुवर्षं. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसावं. आणि आरशात तर बघणारा सगळ्यात कडक, तो स्वतःच! त्या कललेल्या मानेला सरळ समजून तिनं जबडा आखला होता. म्हणजे उद्या शस्त्रक्रिया होऊनही पवनला सरळ दिसण्यासाठी जन्मभर मान वाकडीच ठेवावी लागली असती.

ती धावत निलयकडे गेली. त्यानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"उत्कर्षा, प्लीज. मागच्या महिन्याचं आठवतंय ना?"

आठवत होतं. मागच्या महिन्यात तिनं "डावं-उजवं उलटं झालंय!" म्हणून आरडाओरडा केला होता. डॉ. शेखावत बाह्या सावरत धावत आल्या, छपाई थांबवली, आणि शेवटी निघालं काय, तर उत्कर्षाबाईंनी कवटीच उलटी धरली होती. कर्नल तेव्हा शांतपणे म्हणाले होते, "मेश्राम, एकदा ठीक." तो शांतपणा तिला अजून झोपेत ऐकू येई.

"यावेळी खरंच आहे रे."

"मतलब, दरवेळी खरंच असतं तुझं. सगळ्यांनी बघितलाय आराखडा. तूच वेगळं काय बघितलंस?"

"पतंग बघताना पाहिलं त्याला."

"हे कर्नलसाहेबांना सांगणार आहेस? पतंग?"

कर्नलांच्या दारापर्यंत ती गेली आणि परत फिरली. पुन्हा गेली. आपण चुकलो असलो तर आता हसं होईल आणि पुढे कुणी आपलं ऐकणार नाही. आपण बरोबर असलो आणि गप्प बसलो तर... हा दुसरा विचार पुरा करायची तिची हिंमत झाली नाही. तिनं दार ढकललं.

"सर, मी कवटी सरळ धरलीय. पण पवनची मान चुकलीय."

तिनं एका दमात सगळं सांगितलं. कर्नलांनी फोटो उचलला आणि डोळे आडव्या रेषेत येतील असा कलवून पाहिला. मग उठले. "दोरा घे. त्याला मोजायला आलोय, हे कळता कामा नये."

सज्जात कर्नल पवनशेजारी कठड्याला टेकून उभे राहिले, जणू याच कामासाठी रुग्णालयानं त्यांना ठेवलं होतं. "वो लाल वाली गई, बेटा. लिख के ले लो."

"लाल? अंकल, लाल का मांजा बरेली का है!" पवन तावातावानं म्हणाला. "काला वाला कटेगा, देखना आप!"

दोघांची जुंपली. सज्जाच्या वळलेल्या टोकावरून, जिथून पवनचा चेहरा समोरून दिसत होता, उत्कर्षानं दोऱ्याला घराची किल्ली बांधून तो त्या चेहऱ्यासमोर दुरून धरला. किल्ली घड्याळाच्या लंबकासारखी झुलत राहिली. शेवटी मागोमाग आलेल्या निलयनं तिचं मनगट धरलं, तेव्हा दोरा थांबला. निलयनं दोऱ्याआडून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाप रे."

काळा पतंग कापला गेला. कर्नल हरले. खोलीत परतल्यावर त्यांनी डॉ. शेखावतांना फोन लावला. "मॅडम, उद्याचं पुढे ढकला. चूक माझी. असतो एकेकाचा डोळा खाली, असं मीच म्हणालो होतो." मग उत्कर्षाकडे वळून ओरडले, "उभी काय राहिलीस, मेश्राम? पहिल्यापासून!" ते ओरडले याचं तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. पवनला सगळं समजावून सांगितल्यावर त्यानं विचारलं, "तो संक्रांत घर पे?"

तो संक्रांतीला गच्चीवर होता. उत्कर्षा संगणकापुढे.

शस्त्रक्रिया झाली. सूज उतरेपर्यंत उत्कर्षाचं जेवण निम्म्यावर आलं. शेषराव ताट पुढे सरकवत म्हणत, "तुले का झालं वं बाई? गाडी सुटली नं आता?"

"सुटली हो बाबा. पण कान लागलेत."

शेषरावांनी नुसता भात वाढला.

मग तपासणीचा दिवस आला. पवन आत आला, तिच्यासमोर उभा राहिला. चेहरा वाकडा होता. हनुवटी आता दुसऱ्या बाजूला! "सर," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

कर्नलांनी पवनकडे पाहिलं, मग खिडकीकडे बोट दाखवून गरजले, "वो काटा!"

पवननं झटकन बाहेर पाहिलं. आकाशात कावळासुद्धा नव्हता. पण त्या क्षणी मान सरळ झाली, आणि मानेबरोबर डोळे, नाक, ओठ, हनुवटी, सगळं ओळंब्यात आलं. जबडा बरोबर होता. सवय तेवढी जुनी राहिली होती.

"ती जायला वेळ लागेल," कर्नल म्हणाले. "तिच्यासाठी साचा छापता येत नाही."

उत्कर्षानं पवनला आरशापुढे नेलं, दोन्ही हातांनी त्याचं डोकं अलगद सरळ केलं आणि हात काढून घेतले. तो स्वतःकडे बघत राहिला. मान कलू लागली, मध्येच थांबली, परत आली. "काका कह रहे हैं, अब आगे बैठो, काउंटर पे," तो आरशातूनच म्हणाला.

तो निघाला तशी ती दारात उभी राहिली. निलयनं चहाला हाक मारली, ती हलली नाही. लांबलचक व्हरांड्यात पवन चालत होता. समोरून परिचारिका आली, मान कलली. ती निघून गेली, मान सरळ झाली. पुढे कोणी आजीबाई भेटल्या, पुन्हा कलली, पण जरा कमी. का तिलाच तसं वाटलं? वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच उभी होती.