गोजरबाईंचं नवं देऊळ

माझ्या सासूबाई गोजरबाई खोटं बोलताना पदर डोक्यावरून नीट ओढून घ्यायच्या. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरच्या साहेबाला मात्र नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा तेव्हाची ही गोष्ट. लोणारच्या खाऱ्या तळ्याच्या उतारावर, गोड्या झऱ्याच्या ओलीवर आमचा मळा. वर केळी, पपया आणि अगदी खाली वांग्यांचा वाफा. सासरे गेल्यावर बाईंनी घर चालवलं ते त्या वांग्यांवर. भरतासाठी मेहकरहून माणसं यायची हो! वाफ्याला लागून एक बुटकं, पडकं देऊळ होतं. आत आम्ही कांदे ठेवायचो आणि दारातल्या दगडी बाईच्या हाताला शेळी बांधायचो. काजळी आणि तेल बसून बसून त्या बाईचं नाक कुठे नि डोळे कुठे, काही कळायचं नाही.

एक दिवस बातमी आली. तळ्याचा काठ आणि तिथली जुनी देवळं सरकारनं राखून ठेवावी की नाही, याची पाहणी करायला नारायणराव नावाचे साहेब आलेत. जे देऊळ जुनं ठरेल त्याच्याभोवती हद्दीचे दगड रोवणार, आणि हद्दीच्या आत कुदळ नाही, पाणी नाही.

"म्हंजे माहे वांगे गेले," बाई म्हणाल्या आणि ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "कोकिळे, चुना भिजव. देऊळ नवं करू."

हसावं की रडावं मला कळेना. पण आमच्याकडे मोठं माणूस येणार म्हटलं की सारवणं-पोतारणं आलंच. गावात घरोघरी तेच चाललं होतं, त्यामुळे आमचं कोणाच्या डोळ्यावर आलं नाही. देऊळ खालपासून वरपर्यंत पांढरंफेक केलं. तेलात शेंदूर कालवून दगडी बाईला नखशिखांत लिंपलं. कांदे घरी नेले, शेळी हाकलली, झेंडूचा हार घातला.

साहेब आले. "हे देऊळ केव्हाचं, बाई?"

बाईंनी पदर ओढला. "माह्या मालकानं बांधलं जी. मी नवी नवरी होती तवा."

सासरे बिचारे! त्यांनी जन्मात कोंबड्यांचं खुराडं धड बांधलं नव्हतं. मी तोंडात पदर कोंबून केळीआड पळाले. साहेबांनी चुन्याकडे पाहून नाक मुरडलं आणि पुढे निघून गेले. त्या दिवशी आमच्याकडे भरीत, भाकरी आणि वर गुळाचा खडा.

चार दिवस सुखात गेले. मग ठेकेदार रंगराव पहार घेऊन उतरला. नाल्यावरच्या पुलासाठी त्याला दगड हवे होते.

"काठचं जुनं सोडून बाकी दगड उचलाची मले परवानगी हाय," तो म्हणाला. "तुमचं तं नवं हाय ना बाई? साहेबच सांगून राह्यले होते. गाडी वर उभी हाय."

त्यानं पहिल्या पायरीखाली पहार घातली. बाई जाऊन त्याच पायरीवर बसल्या. "मी उठीन तवा काढजो," म्हणाल्या, आणि मला हळूच, "कोकिळे, साहेबाले आण. पळ."

मी चढण चढून साहेबांचा तंबू गाठला. ते धापा टाकत खाली आले तेव्हा बाई तिथंच होत्या. पदराला त्यांनी हातही लावला नाही.

"खोटं बोलली जी मी. वांग्यासाठी बोलली," म्हणाल्या आणि उठून तळ्याचं खारं पाणी घागरीनं आणलं. त्या पाण्यानं आम्ही डोकी धुतो, तेल झटक्यात सुटतं. काथ्यानं त्या दगडी बाईला घासायला लागल्या. शेंदूर ओघळला, खालची काजळीही ओघळली. आधी बांगड्या दिसल्या, मग कडेवरचं लेकरू, मग तोंड. ती हसत होती.

"इतके वर्सं हिच्या हाताले शेळी बांधली मी," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या. मलाही आवरलं नाही.

साहेब सावकाश म्हणाले, "बाई, तुमच्या वाफ्याचं पाणी मुरून पाया खचतोय. हद्द पडली तर वाफा जाईल."

"जाऊ द्या. रोवा दगड."

ते दगड साहेबांनी रंगरावच्याच गाडीतून आणवले. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

आम्ही वांगी वरच्या अंगाला लावली. पण ती चव काही आली नाही. मेहकरची माणसं कुरकुरायची, बाईही त्यांच्यासोबत कुरकुरायच्या. पुढच्या वर्षी हद्दीच्या आत, त्या दगडी बाईच्या पायाशी, वांग्याचं एक झाड आपोआप उगवलं आणि लदबदून फळलं. अस्सल आमची जुनी वांगी. मी वाकून हात घातला, तर बाईंनी हातावर चापट मारली.

"अवो बाई, इथं कोण पाहून राह्यलं?"

"ती पाहून राह्यली ना," बाई म्हणाल्या, आणि त्या हसऱ्या तोंडावर बसलेली धूळ पदरानं पुसायला लागल्या.