दमानंमामांचा अर्धा तास

आमच्या भोकरदनात लग्नाचं शूटिंग करणारे चार-पाच जण होते, पण एक डीव्हीडी राइट करायला अर्धा तास लावणारे एकटे दमानंमामा. बाकीचे सहा-सात मिनिटांत डीव्हीडी हातावर ठेवत. मामा कॉम्प्युटरला सगळ्यात कमी वेग देत आणि गिऱ्हाइकाला बाकावर बसवून ठेवत. कोणी कुरकुर केली की म्हणत, "दमानं. घाईनं लिव्हलेलं टिकत न्हाई." त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, ते कोणी वाचायच्या भानगडीत पडलं नाही.

याला लोक शिस्त म्हणत. मला विचाराल तर ती भीती होती. राइट चालू असताना टेबलाला धक्का लागेल म्हणून ते दुकानात कोणाला हिंडू देत नसत. पंखा बंद, फोनचा रिसीव्हर काढून बाजूला. कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवून ते बसत, तापलेल्या लेकराजवळ बसावं तसे. आम्ही मैत्रिणी त्यांची नक्कल करून हसायचो.

माझ्यावर वेळ आली तेव्हा हसू पळालं. ताईच्या लग्नाची कॅसेट मामांनीच काढली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. त्यांचं चालतं-बोलतं रूप तेवढ्या एका कॅसेटीत होतं, आणि ट्रंकेत ठेवून ठेवून तिला बुरशी लागली. मामांनी ती पुसून कशीबशी एकदा चालवली, कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली, आणि नंतर काढताना फीत यंत्रात अडकून तिच्या चिंध्या झाल्या. आता अण्णा फक्त त्या कॉम्प्युटरात होते, आणि त्याची हार्ड डिस्क दोन दिवसांपासून टकटक आवाज करत होती.

मी आणि आई सकाळी साडेदहाच्या आधीच पोचलो. अकराला लोडशेडिंग सुरू व्हायचं. मी म्हटलं, मामा, आजच्या दिवस जोरात लावा. त्यांचं कपाळ घामानं डबडबलं होतं.

"जोरात लावलं अन् खराब निघाली, तर दुसऱ्या बारीला हे मशीन उठंल का न्हाई, माह्या हातात न्हाई," ते म्हणाले.

आई म्हणाली, "भाऊ, तुमच्या मनाला येईल तसं करा."

मामांनी नेहमीचाच वेग लावला. मला त्यांचा मनस्वी राग आला.

त्या दिवशी लाइट दहा मिनिटं आधीच गेली. युपीएस बोंबलायला लागला. त्याचा जीव पाच-सात मिनिटांचा. मामांनी हात लांब करून आधी कॉम्प्युटरचा पडदाच बंद केला, तेवढीच बॅटरी वाचावी म्हणून. झालं, आता किती लिहून झालं आणि किती राहिलं, काही कळायची सोय उरली नाही. आम्ही तिघं डीव्हीडीच्या त्या बंद खणाकडे बघत बसलो. आई जन्मात कधी अण्णांचं नाव घेत नसे, तेव्हा मात्र ती तेच पुटपुटत होती. युपीएसचे आवाज जवळजवळ येऊ लागले. मग खण आपोआप बाहेर आला. मामांनी डिस्क उचलली न उचलली तोच सगळं गप झालं.

दुपारी लाइट आली, पण तो कॉम्प्युटर परत उठला नाही. डीव्हीडी चालली.

मामा गेले, त्यानंतर त्यांची लेक मंठ्याहून माझ्याकडे आली. घरात शेकडो लग्नं पडलेली, पण वडील एकातही नाहीत. ते कायम कॅमेऱ्यामागे. त्यांचा आवाज आपण विसरून जाऊ, अशी तिला धास्ती बसली होती. मला ती धास्ती समजावून सांगावी लागली नाही. मी डीव्हीडी लावली.

पंगतीत वाढता वाढता अण्णा कॅमेऱ्याकडे वळतात. "शूटिंगवाले, तुम्ही बी दोन घास खाऊन घ्या आधी."

पडद्यावर कोणी येत नाही, नुसता आवाज येतो. "तुमचं होऊ द्या, अण्णा. मी हाये इथंच."

तिनं पदर तोंडाला लावला आणि हातानंच खूण केली, परत लावा.