विहिरीतली पावडर आणि इंदूचे केस

शनिवार, ३ मे १९४१, लोणखेडे. कचेरी अर्धा दिवस होती. दुपारी घरी येऊन जेवलो.

मंडळी, पटकीच्या भीतीने हल्ली आमच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. माझी नऊ वर्षांची इंदू रोज तिथेच पोहते. आज केस विंचरताना ती रडू लागली. केस अंबाडीच्या दोरीसारखे राठ झाले होते, फणी पुढे सरकत नव्हती. मी म्हणालो, पोहणं बंद कर, नाहीतर केस कापू.

शेजारच्या काशीबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "भाऊ, ते काय बकरीना केस शेतस का कापाले? तेल लायेल केसले पावडर इतकी धरस नही. इंदूना डोकाले तेल काब्र नही?"

"तेल का नाही म्हणजे? सुतक आहे ना."

"सुतक कवयच फिटनं, भाऊ."

इंदूची आई जाऊन दोन महिने झाले; सुतक खरंच कधीच संपलं होतं. सुतकात तेल लावायचं नसतं, एवढं मला ठाऊक होतं. पुन्हा कधी लावायचं, हे घरात तीच सांगायची. मी इंदूला विचारलं, तेल मागितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्हीपण लावत नव्हता."

तेल कोमट करून तिच्या केसांना चोळलं आणि वेणी घातली. वाकडी झाली. ती तशीच विहिरीकडे पळाली.

तुमच्याकडे सुतकानंतरचं पहिलं तेल कोण लावतं?

घरात आता कोणी नव्हतं. हाताला राहिलेलं तेल मी माझ्या डोक्याला लावलं.