देवमाशाच्या पोटातल्या चोची

तिवसा तालुक्यात वाढलेली मी देवमाशांचा अभ्यास करते, हे ऐकून लोक आधी हसतात. माझे बाबा हसले नव्हते, चिडले होते. संत्र्यांचा व्यापार करणारा माणूस. समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. माझे हे समुद्राचे खेळ संपावेत म्हणून त्यांनी अमरावतीच्या एका कॉलेजात माझी नोकरी जवळजवळ पक्की केली होती. रविवारपर्यंत होकार द्यायचा होता, आणि मला तर परत कोकणात जायचं होतं.

त्या सुट्टीत मी एक बरणी घरी आणली होती. किनाऱ्याला मरून लागलेल्या देवमाशाच्या पोटात सापडलेल्या माकुळांच्या चोची होत्या तिच्यात. माकूळ म्हणजे अंगात हाड नसलेला, दहा हातांचा प्राणी. देवमासा तो अख्खा पचवतो, उरते फक्त पोपटासारखी चोच. तिच्यावरून माकुळाची जात ओळखली की देवमासा काय खातो ते कळतं. ओसरीवर पेपर पसरून मी ढीग लावले. चांगल्या सात जाती निघाल्या, आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

बाबा चहा घेऊन आले. "एवढी शिकली, अन् हे करून राहिली?"

"निवडून राहिली बाबा. तुमी संत्री निवडता तसं."

निवडणं म्हटल्यावर त्यांना राहवेना. चष्मा लावून खालीच बसले. एक फिकट चोच आणि एक काळी उचलून उजेडाकडे धरली.

"हे दोन ढीग कावून केले? माल एकच हाये. हा कोपरा पाह्य, दोन्हीले सारखाच. हे कवळं, हे जून."

मी तावातावाने वाद घातला. मग भिंगाखाली पाहिलं, तर बाबांचंच खरं होतं. माकूळ वाढतं तशी त्याची फिकट चोच काळी पडत जाते, हे मी परीक्षेत पानभर लिहून आले होते! आणखी एक जोडी तशीच निघाली, आणि सात ढिगांचे पाच झाले. संध्याकाळपर्यंत बाबा तिथून हलले नाहीत. मंडीतून फोन आले, तेही त्यांनी उचलले नाहीत.

रविवारी कॉलेजातल्या त्यांच्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. मी दाराआड जीव मुठीत धरून उभी.

"नाई जमत भाऊ," बाबा म्हणाले. "पोरगी कामात हाये."

माझ्या कामाला ते त्याआधी कधी काम म्हणाले नव्हते. मला तिथेच रडू फुटलं.