मासळी सोडली ती शैलाने

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. भावापुढे नाही, मैत्रिणींपुढे नाही, देवापुढे तर नाहीच — त्याला सगळं माहीत आहे म्हणा. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही रविवारी माझ्याकडे जेवायला येत नाही.

आधी आनंदाचं सांगू दे, कारण ते माझ्या लबाडीहून मोठं आहे. माझी भाची जुई ठणठणीत आहे! पंधराव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झालेली ही पोर आज कॉलेजला जाते, केस परत आले ते कुरळे का आले म्हणून आरशाशी भांडते, आणि मला उलट उत्तरं देते. तिने फाडकन उत्तर दिलं की मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! एके काळी त्या पोरीला पाणी मागायचंही त्राण नव्हतं.

माझा धाकटा भाऊ दिनू, त्याची बायको शैला आणि जुई उपचारांसाठी कुडाळहून मुंबईला आले ते थेट माझ्या फणसवाडीतल्या खोलीत. मी एकटी, नुकतीच रिटायर झालेली. दिनूला म्हटलं, रडायचं नाही, लढायचं. आणि लढलो हो! पाणी उकळून गार करायचं, मऊ खिचडी, ताजा डबा, तो घेऊन परळचं हॉस्पिटल गाठायचं. वाडीतल्या ज्या कार्ट्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या, ती प्लेटलेट द्यायला रांगेत उभी राहिली.

पण त्याआधी मी एक काम केलं होतं. जुईला ॲडमिट केलं त्या सकाळी देवापुढे लाल फडक्यात नारळ बांधला आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात नवस बोलले — पोर बरी होऊन घरी येईपर्यंत मी मासळीला शिवणार नाही. आम्ही मालवणी माणसं. आमच्यात मासळी सोडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. शैलाने शेजारी उभं राहून हळूच तेच म्हटलं. तिचं कुणी ऐकलं नाही. नाव माझं झालं.

मी तो नवस मोडला. कधी? — महिनासुद्धा झाला नव्हता. रिकामा डबा घेऊन परतताना लालबागला एका खानावळीतून बांगडा तळल्याचा वास आला आणि पाय वळले. एकदाच, असं स्वतःला सांगितलं. मग दर दोन-चार दिवसांनी सांगत राहिले. कोपऱ्यातलं टेबल धरायचं, हाताला लिंबू चोळायचं, वर बडीशेप. आणि वाडीत शिरले की बायका म्हणायच्या, आत्या म्हणजे देवमाणूस. मी मान खाली घालायचे. त्यांना तो विनय वाटायचा.

एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. बांगड्याने कुणाला ताप चढत नाही, हे मलाही कळतं. मग कशाला लपवलं? — थांबा, सांगते.

एका दुपारी मी त्याच खानावळीत ताटावर होते आणि दिनूचा फोन आला. जुईचे काउंट पडलेत, ताप चढलाय, आयसीयूत हलवलंय. मी फोन ठेवला आणि — आता बोलायचंच तर सगळं बोलते — ताटातलं संपवून उठले.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये शैला जमिनीवर बसली होती. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, या औषधांत काउंट पडतात, अशा वेळी इन्फेक्शन होतं, कुणाचा दोष नाही. तिच्या कानात काही शिरलंच नव्हतं. आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईने तिला आपल्या डब्यातली आमटी दिली होती. त्यात जवळा होता, बारीक सुकी मासळी. जिभेला कळल्याबरोबर तिने घास थुंकून टाकला होता.

"वन्सं, माझ्याच हातसून चुकला," म्हणाली. "आता तुमच्या पुण्याईन वाचतला माझा चेडू."

आणि तिने माझा हात आपल्या कपाळाला लावला. लिंबाचा वास येणारा हात. तेव्हा बोलायला हवं होतं ना? एक वाक्य — अगं, मी तर आत्ताच खाऊन आले. ती माझ्यावर ओरडली असती, बोलणं टाकलं असतं, पण स्वतःला दोष देणं तरी थांबवलं असतं. मला मात्र माझं देवमाणूसपण सोडवेना. तिने तिथेच देवीला हात जोडून जन्मभरासाठी मासळी सोडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "देवी बघेल हो."

जुई त्यातून उठली. औषधांच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या तिने दात आवळून काढल्या, आणि रिपोर्ट स्वच्छ आला त्या दिवशी कुणाचाही हात न धरता आमच्या चाळीचे तीन जिने चढली. वाडीने ताशा वाजवला, प्रत्येक जिन्यावर रांगोळी, मी तर भररस्त्यात नाचले! नवस फेडायला सुरमई आणली. जुईने पहिली तुकडी सगळ्यांसमोर माझ्या तोंडात घातली, "आत्या, किती दिवस उपाशी राहिलीस गं माझ्यासाठी!" टाळ्या पडल्या. शैलाही टाळ्या वाजवत होती. मी ती तुकडी खाल्ली.

आता दिनूला शिवडीला गोदामात नोकरी आहे, तिघं जवळच राहतात. रविवारी सगळे माझ्याकडे. जुई दारातूनच ओरडते, मोठी तुकडी माझी! आणि मी म्हणते, मेल्ये, आधी चपला काढ. घर नुसतं हसत असतं. शैला बांगडे साफ करते, वाटण लावते, कालवण करते. तिच्या हाताची चव कुणाला नाही. स्वतः वरणभात घेऊन बसते.

चाखून बघता येत नाही, म्हणून दर रविवारी तिची नजर माझ्याकडे असते. मी पहिला घास घेतला की विचारते, "वन्सं, मीठ बरोबर आसा मां?"

मी मान हलवते आणि आणखी एक तुकडी वाढून घेते.